एल्दियारची बिनजेवणाची मैफल

एल्दियारचं मागणं फार मोठं नव्हतं. लोकांनी आपलं गाणं ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं. आणि ऐकताना शक्यतो त्यांच्या तोंडात मटण नसावं.

काराकोलमध्ये असं मागणं यापूर्वी कुणी केलं नव्हतं. तेवीस वर्षांचा हा पोरगा गावातल्या प्रत्येक लग्नात, बारशात आणि साठीत गायलेला. आवाज गोड, चेहरा बरा, केस कपाळावर सोडलेले, आणि आजकालच्या गाण्यांना लागते तेवढी कंबर हलवण्याची तयारी. नाव होतं, मागणी होती, शनिवार-रविवार तर श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पण तो माइक तोंडाशी न्यायचा त्याच क्षणी समोरचे लोक घास तोंडाशी न्यायचे. डोळे मिटून विरहाचं गाणं आळवावं, सगळ्यात हळवी जागा यावी आणि नेमका त्याच जागेवर कुणीतरी मेंढराच्या नळीतला मगज सुर्रकन ओढावा. बरं, लोकांना तरी दोष कसा द्यायचा? त्यांना जेवायला बोलावलं होतं आणि ते जेवत होते. टाळ्याही वाजवायचे, नाही असं नाही. फक्त हात पुसून होईपर्यंत एल्दियारचं पुढचं गाणं सुरू झालेलं असायचं.

अशातच वसंतात तो आणि त्याचा मित्र कोस्त्या इसिक-कुल सरोवराच्या काठचा कचरा उचलायला गेले. कोस्त्या धंद्याने सायकल दुरुस्त करणारा, आवडीने ढोल वाजवणारा आणि स्वभावाने कुठल्याही गोष्टीत पडणारा. दोघांनी पोती भरायला घेतली तर वाळूतून निघाल्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे आणि सोनेरी अक्षरांचा एक रुमाल: ‘आझामात आणि नुरायिम, सुखी राहा’. या लग्नात एल्दियार गायला होता. त्या रात्रीचं त्याचं एकही गाणं आज कुणाला आठवत नव्हतं, आणि चमचे मात्र नातवंडांच्या नातवंडांपर्यंत टिकणार होते. तो वाळूतच बसला. असा घाव त्याच्या कलेवर कुठल्या टीकाकारानेही घातला नव्हता.

तिथेच त्या मैफलीचा जन्म झाला. निसर्गाला ओरखडा न काढणारी, गावात कधी झाली नाही अशी मैफल. प्लास्टिक नाही, फुगे नाहीत, धुराचं यंत्र नाही. बसायला गवताच्या पेंढ्या. कोस्त्या म्हणाला की दहा सायकली जागेवर उभ्या करून त्यांना जुन्या विजेच्या मोटारी उलट्या जोडल्या, तर पायडल मारून स्पीकर आणि दिवे चालतील. मध्ये बॅटरी ठेवायला तो तयार नव्हता. बॅटरीत विष असतं, आणि आपण विषावर गायचं नाही, हे त्याने असं काही ठणकावलं की एल्दियारच्या अंगावर काटा आला. या सगळ्याच्या शेवटी एल्दियारने आपलं कलम हळूच घुसडलं: जेवणही नाही. जेवण आलं की कचरा आला, असं त्याने तोंडाने सांगितलं. खरं कारण त्याने मनात ठेवलं.

ते कारण ओळखलं फक्त त्याच्या आईने. जिपारगुल शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, आणि मुलांनी बाहीत लपवलेल्या चिठ्ठ्या पंचवीस वर्षं पकडत आल्यामुळे मुलाने मनात लपवलेलं तिला लगेच दिसायचं. तिच्या भावाचं बिश्केकला फरशांचं दुकान होतं आणि तिथली गल्ल्यावरची खुर्ची त्याने भाच्यासाठी राखून ठेवली होती. तो दर आठवड्याला फोन करी. ती दर आठवड्याला ‘विचार करते’ म्हणे.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “कर तुझी मैफल. लोकांनी तुझं एक गाणं, एकच, तोंड न हलवता ऐकलं तर मामाला मी स्वतः नाही म्हणून सांगीन. नाही ऐकलं तर सोमवारच्या गाडीने जायचं आणि फरशा विकायच्या.”

“एकच?” एल्दियार हसला. आईला तो आपा म्हणायचा. “आपा, मी दहा म्हणणार आहे.”

त्या रात्री त्याला आनंदाने झोप लागली नाही. आणि ते एक गाणं कुठलं, हेही त्याने ठरवून टाकलं. नवीन होतं, स्वतः लिहिलेलं, सरोवराच्या दक्षिण काठाने संध्याकाळी सहाला निघणाऱ्या जुन्या बसवरचं. ते त्याने अजून कुणालाच ऐकवलं नव्हतं, कारण ते कुणाच्या तोंडीलावणं व्हावं असं त्याला वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो परवानगी काढायला गेला. गावच्या बागेत एक जुना उघडा रंगमंच आहे, तो हवा होता. कचेरीतल्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, सायकलींची कल्पना फार आवडल्याचं सांगितलं, आणि विचारलं की डिझेलचा जनरेटर कुठे ठेवणार.

एल्दियारने पुन्हा पहिल्यापासून समजावलं. साहेबांनी पुन्हा ऐकलं. त्यांना पुन्हा आवडलं. पण उघड्यावरच्या कार्यक्रमाला जनरेटर लागतो असा नियम होता, आणि नियम सायकलींच्या आधीचा होता. वापरायचा नसेल तर वापरू नका, ते म्हणाले, पण असायला हवा. शिवाय तो चालतो हे आमच्यासमोर दाखवायला हवं.

तेव्हा एका खटारा ट्रकवर घालून जनरेटर आणावा लागला. ट्रक बागेत शिरताना जो धूर सोडत आला तो आला, पण जनरेटर त्याच्याही वरताण निघाला. तपासणी म्हणून तो अर्धा तास धडधडत राहिला. जिपारगुलच्या विद्यार्थ्यांनी जुन्या चादरीवर ‘मोकळा श्वास घ्या’ असं रंगवून रंगमंचावर टांगलं होतं. तपासणी संपेपर्यंत त्यातलं ‘मोकळा’ दिसेनासं झालं. साहेब डोळे पुसत, खोकत, समाधानाने मान हलवत निघून गेले. कोस्त्याने जनरेटरवर एक फुलांची कुंडी ठेवली आणि त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला.

आता प्रश्न राहिला पायडल मारणाऱ्यांचा. एल्दियारचे दोस्त उन्हाळ्यात कुणी डोंगरावर मेंढ्यांमागे, तर कुणी सरोवराकाठी पाहुण्यांच्या दिमतीला गेलेले. तो राहत्या इमारतीच्या दारातल्या बाकावर डोकं धरून बसला होता तेव्हा तिथे आधीच बसलेल्या मुकाश आजोबांनी विचारपूस केली. मुकाश आजोबा तळमजल्यावर राहायचे. आयुष्यभर त्यांनी बस चालवली होती आणि निवृत्त झाल्यावर ती सवय माणसांवर वळवली होती. गावातल्या कुठल्याही समारंभात मानाचं म्हणून मेंढराचं डोकं त्यांच्याच पुढ्यात यायचं, आणि दुवा त्यांच्याच तोंडून निघायची.

“अशार घाल,” ते म्हणाले.

एल्दियारने आनंदाने मान हलवली. त्याचं चुकलं ते इथे. अशार म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना मदतीची हाक. हाक आली की लोक हातातलं काम टाकून येतात, कुणाची भिंत उभी करतात, कुणाचं छप्पर शाकारतात आणि एक पैसा घेत नाहीत. मात्र ज्याने हाक मारली त्याने आलेल्यांना पोटभर जेवू घालायचं. अशारला आलेला माणूस आमच्याकडे सात पिढ्यांत कुणी उपाशी पाठवलेला नाही. एल्दियारला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आईच्या दुधाबरोबर शिकतो माणूस हे. पण उत्साहाच्या भरात त्याला फक्त दहा सायकली दिसत होत्या, त्यांच्यावर बसलेली दहा पोटं दिसली नाहीत.

ती पोटं त्याला बुरुलचा एजेने दाखवली. बुरुलचा हे तिचं नाव, एजे म्हणजे ताई. इमारतीच्या कमिटीची अध्यक्ष, सगळ्यांची थोरली बहीण आणि कुणाच्याही स्वयंपाकघरात न विचारता शिरणारी बाई. संध्याकाळी ती हजर झाली तीच पिठाच्या पोत्यासह. एल्दियार म्हणाला, एजे, जेवण नाहीये. ती म्हणाली, नाहीच आहे, नुसते बोरसोक तळतेय. तळलेल्या पिठाला जेवण कोण म्हणतं? मग चहा आला, कारण बोरसोक कोरडे कसे खाणार. चहा आला म्हणून जाम आला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून निरोप आला की पोरं पायडल मारणार तर त्यांना ताकद हवी, तेव्हा आम्ही एक मेंढरू देतोय.

एल्दियार धावत मुकाश आजोबांकडे गेला. निदान जेवण मैफलीनंतर ठेवा, त्याने विनवलं.

“पोरा, मी चाळीस वर्षं गाडी हाकली,” आजोबा म्हणाले. “आधी टाकी भरतात, मग गाडी चालते. चालवून झाल्यावर टाकी भरणारा कुणी पाहिलाय?”

पर्यावरणाचा मुद्दा त्याने शेवटचं शस्त्र म्हणून काढून पाहिला, तर त्याचा उलटाच परिणाम झाला. लोक पेटले. प्लास्टिक नको ना? मग घराघरांतून चिनी मातीचे वाडगे निघाले, आज्यांच्या लाकडी परड्या निघाल्या, कपाटाच्या तळाशी जपून ठेवलेले, जेवताना अंथरायचे सुती दस्तरखान निघाले. कागदी रुमाल नको म्हणून कुणी नव्या कोऱ्या पंच्यांचे तुकडे केले. अख्ख्या मोहल्ल्याला एकदम निसर्गाचा पुळका आला होता आणि कुणाच्याही तोंडी तक्रारीचा शब्द नव्हता. एल्दियारचं प्रत्येक कलम लोकांनी तंतोतंत पाळलं होतं, एक सोडून. कधी नव्हे ते त्याला स्वतःच्याच यशाचा राग आला. पण खरं सांगायचं तर त्यालाही आतून उकळ्या फुटत होत्या. त्याच्यासाठी, त्याच्या एकट्यासाठी, एवढा गाव कधी हलला नव्हता.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण कुणाला नुसती म्हण वाटत असेल तर त्याने काराकोलला यावं. बुरुलचा एजेच्या व्याह्याने खरंच घोडं धाडलं. सायकलींपेक्षा घोड्याची ताकद जास्त, त्याला गोल फिरवून वीज काढा, असा निरोप होता. कोस्त्याने दोरखंड, चाकं, लोखंडी दांडा असं काहीबाही जोडून पाहिलं. घोडं दोन फेऱ्या शहाण्यासारखं फिरलं, तिसऱ्या फेरीत थांबलं आणि त्याने पेंढ्यांची पहिली रांग खायला घेतली. लोक त्याला हाकलून देईपर्यंत मानाच्या तीन जागा त्याच्या पोटात गेल्या होत्या. या मैफलीत सर्वांत आधी येऊन बसणारा आणि येताक्षणी खायला लागणारा श्रोता तोच, हे एल्दियारला शकुनासारखं वाटलं आणि शकुन काही बरा नव्हता.

मैफलीच्या दिवशी ऊन उतरायच्या आतच बाग भरली. दारावर जिपारगुल उभी होती, आणि तिचं काम मोठं नाजूक होतं. जेवणानंतर उरलेलं अन्न पाहुण्यांनी घरी न्यायचं, घरच्यांना प्रसादासारखं वाटायचं, ही आमची रीत. न्यायचं म्हणजे आजकाल प्लास्टिकच्या पिशवीत. काराकोलची बाई एक वेळ पायांत बूट न घालता समारंभाला येईल, पण पर्समध्ये पिशवीची घडी नाही असं होणार नाही. जिपारगुलने प्रत्येकीकडे नुसतं रोखून पाहिलं. ज्यांना तिने शाळेत शिकवलं होतं त्यांनी निमूट पिशव्या काढून दिल्या. ज्यांना शिकवलं नव्हतं त्यांच्याकडून तिने काढून घेतल्या. एकीच्या रुमालात, एकीच्या टोपीत, एकीच्या झोपलेल्या नातवाच्या दुपट्यात पिशवी सापडली. बघता बघता तिच्या मागे कंबरेइतका ढीग झाला. बुरुलचा एजे मात्र दोन्ही हात वर करून, निरागस चेहऱ्याने आत गेली.

आत रंगमंचासमोर दस्तरखान अंथरले होते आणि त्यांच्याभोवती मांड्या घालून गाव बसला होता. डाव्या हाताला दहा सायकली, दहांवर दहा धट्टीकट्टी पोरं. एल्दियारने जुन्या पडद्यांच्या कापडातून शिवलेला पांढरा कोट घातला होता. कोस्त्याने खूण केली. पोरांनी पायडल मारलं, चाकं घरघरली, दिवे फुलले आणि स्पीकरमधून खर्ज असा निघाला की वाडग्यांतला चहा थरथरला. लोकांनी आरोळी ठोकली. सायकलींवर चालणारं गाणं! एल्दियारने पहिला सूर लावला आणि त्याच वेळी मटण-शेवयांच्या वाफाळत्या बेशबरमाकच्या परड्या आल्या.

पुढे काय झालं ते सांगायला हवं का? चमचे वाजायला लागले. पण ते तरी ओळखीचं होतं. नवीन प्रकार सायकलींचा होता. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर एक दाढीवाले आजोबा सायकलींजवळून गेले. आता वडीलधारं माणूस समोर उभं असताना आपण बसून राहायचं, हे आमच्या पोरांना जमत नाही. दहाच्या दहा पोरं खाली उतरली, दोन्ही हातांनी आजोबांचा हात धरून त्यांनी सलाम केला, तब्येत विचारली, गुरंढोरं विचारली. तोवर स्पीकर एक सुस्कारा टाकून गप्प झाला होता आणि एल्दियार नुसता ओठ हलवत उभा होता. आजोबा गेले, पोरं चढली, आवाज आला. मग दुसरे आजोबा आले. गावात आजोबांची काही कमी नाही, आणि प्रत्येकाला ही वीज कशी निघते ते जवळून बघायचं होतं. शेवटी कोस्त्याने सायकलींभोवती दोरी बांधून म्हाताऱ्यांना मज्जाव केला. त्यावर चार म्हातारे रुसले आणि त्यांची समजूत काढायला गाणं थांबवावं लागलं.

एवढ्यावर भागलं नाही. पोरांना भूक लागली, आणि बायकांना त्यांच्या भुकेची फार काळजी. एकेकाला उतरवून जेवायला बसवलं जाऊ लागलं. जेवून आलेला जो सायकलवर चढे तो जड होऊन. दिवे पिवळे झाले, मग तांबूस झाले. स्पीकरचा आवाज सर्दी झाल्यासारखा यायला लागला. एल्दियारने दाराकडे पाहिलं. आई पिशव्यांच्या ढिगाशेजारी हाताची घडी घालून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर विजय नव्हता; तिला वाईट वाटत होतं, आणि ते त्याला जास्त लागलं. बसचं गाणं तेवढं उरलं होतं. ते या चमच्यांच्या खडखडाटात टाकायचं आणि सोमवारी फरशांचे भाव पाठ करायचे.

तो रंगमंचावरून उतरला आणि तडक मुकाश आजोबांपुढे जाऊन बसला. त्यांच्या पुढ्यात मेंढराचं डोकं होतं आणि ते सुरीने गालाचं मांस सोडवत होते.

“आजोबा, पाच वर्षं मी तुमच्यासमोर गातोय,” तो म्हणाला. “तुमच्या तीन नातवंडांच्या लग्नात गायलो. माझं एक गाणं सांगा. एक ओळ सांगा.”

मुकाश आजोबांची सुरी थांबली. त्यांनी आठवून पाहिलं, खरोखर आठवून पाहिलं. भोवतालचे लोकही मदतीला आले आणि तेही अडकले. आजोबांनी घास गिळला.

“ऐकू यायचं कुठे, पोरा,” ते हळूच म्हणाले. “माझ्याच दातांचा आवाज मध्ये यायचा.”

एल्दियारला हसू आलं आणि रडूही आलं. तो उठून परत रंगमंचाकडे चालू लागला. आजोबांनी सुरी पुसली, म्यान केली, गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही तळवे आभाळाकडे उघडले.

जेवण संपताना वडीलधाऱ्याने दुवा द्यायची आणि सगळ्यांनी ‘ओमीन’ म्हणून तळवे तोंडावरून फिरवायचे. ते एकदा झालं की दस्तरखान मिटला. त्यानंतर घास तोंडात घालायचा नाही, मग समोर काहीही असो. पण परड्या अजून निम्म्या भरलेल्या होत्या! मटणाची दुसरी फेरी चुलीवर होती! अशा वेळी दुवा दिल्याचं गावात कुणी पाहिलं नव्हतं. तरी आजोबांचे हात वर गेले म्हणताना सगळ्या गावाचे हात वर गेले, हातातली हाडं खाली ठेवून. सायकलींवरच्या पोरांनीही हँडल सोडून हात वर केले, पाय थांबवले, आणि राहिलासाहिला दिवाही विझला. बागेत कसलाही आवाज नव्हता.

मुकाश आजोबांनी थोडक्यात आटोपलं नाही. त्यांनी सरोवराला दुवा दिली, रस्त्यांना दिली, सगळ्या चालकांना दिली, मेंढरू देणाऱ्यांना दिली, घोड्यालाही दिली. कुणीतरी घाईने तोंडातला घास गिळल्याचं अख्ख्या बागेला ऐकू गेलं. “आणि या पोराच्या गळ्याला यश येवो,” ते म्हणाले, “आणि ते ऐकायला आम्हाला कान येवोत. ओमीन.”

“ओमीन,” गाव म्हणाला. दस्तरखान मिटला.

बुरुलचा एजे परडीकडे बघत राहिली. आजोबा मात्र थांबले नव्हते. कोस्त्याने बांधलेल्या दोरीखालून वाकून ते आत शिरले आणि पहिल्या सायकलवरच्या पोराला त्यांनी बाजूला केलं. ते स्वतः सायकलवर चढले, टोपी घट्ट केली आणि पायडल मारायला लागले.

आता सांगा, सत्तर पार केलेला माणूस घाम गाळतोय आणि आपण मांडी घालून बसायचं? लोक असे उठले, जणू पेंढ्यांना आग लागली. राहिलेल्या नऊ सायकलींवर झुंबड उडाली. जागा मिळाली नाही त्यांनी मागची चाकं हातांनी फिरवायला घेतली. रुसलेले चारही म्हातारे रुसवा विसरून रांगेत उभे राहिले. दिवे तांबूस झाले, पिवळे झाले, पांढरे झाले, डोळे दिपवू लागले. “हळू मारा, माझे स्पीकर फुटतील,” असं कोस्त्या केस उपटत ओरडत होता आणि त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. एल्दियार धावत रंगमंचावर चढला. माइक हातात घेतला तर तो गुणगुणत होता, जिवंत.

त्याने बसचं गाणं सुरू केलं. सहाची बस निघते, उजवीकडे पाणी, डावीकडे डोंगर. प्रत्येक गावाला कुणी उतरतं, कुणाची आई दारात उभी असते, आणि शेवटी गाडीत उरतो तो फक्त गाडी चालवणारा. त्याला घरी कोण पोचवतं, असं ते गाणं विचारतं. गाताना त्याने या खेपेला डोळे मिटले नाहीत. त्याला बघायचं होतं. पाचशे तोंडं त्याच्याकडे लागली होती आणि त्यांतलं एकही हलत नव्हतं. तो इतका आनंदला की दुसऱ्या कडव्यात त्याचा आवाज फाटला, आणि तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

गाणं संपलं. क्षणभर नुसती चाकं घरघरत राहिली आणि मग ज्या टाळ्या पडल्या त्या कोरड्या, स्वच्छ हातांच्या टाळ्या होत्या. बुरुलचा एजेने डोळे पुसायला बाहीत हात घातला आणि तिच्या हाती प्लास्टिकची पिशवी आली. तिने ती तशीच डोळ्यांना लावली.

मुकाश आजोबा सायकलवर धापा टाकत होते. एल्दियार त्यांच्याकडे धावला, दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला.

“त्या गाण्यात चूक आहे,” आजोबा म्हणाले. “किझिल-सू गावाच्या पुढे चिनारांपाशी बस थांबली म्हणतोस. तिथे थांबा नाही. मी तिथे कधीही गाडी थांबवली नाही.” त्यांनी दम घेतला. “एकदा थांबवली होती. तुला ओकारी आली होती, सात वर्षांचा होतास.”

“तेच लिहिलंय, आजोबा,” एल्दियार म्हणाला.

आजोबांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. “पहिल्यापासून म्हण,” ते म्हणाले. “माझ्या दमाच्या आवाजात अर्धं बुडालं. अरे पोरांनो, मारा पायडल.”

गाणं पुन्हा सुरू झालं तेव्हा दारात पिशव्यांच्या ढिगाशेजारी जिपारगुलचा फोन वाजत होता. बिश्केकहून भाऊ विचारत होता की भाचा सोमवारी किती वाजता पोचतोय. तिने उत्तर न देता फोन रंगमंचाच्या दिशेने उंच धरला, पुष्कळ वेळ धरला. मग कानाला लावला आणि तिच्या कपाळावर शाळेतली आठी पडली.

“तू जेवतोयस का?” ती म्हणाली. “आधी तोंड थांबव. माझा मुलगा गातोय.”